नाव कॉलेजात, पोरगं क्लासात

अकरावीची पहिली यादी जूनअखेर लागली आणि तेव्हापासून चारकोपपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत मला एकच प्रश्न विचारला जातोय. "सर, नीट द्यायचीय तिला. कॉलेज रेग्युलर ठेवू की इंटिग्रेटेड घेऊ?" भाजीवाल्यापाशी, सोसायटीच्या गेटवर, परवा तर दहाणूकरवाडी स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर एका बाईंनी गाठलं. मी बावीस वर्षं पश्चिम उपनगरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतोय, म्हणून लोक विचारतात. एकेकाला जिन्यावर उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांच्या घरात अजून दहावी झालेलं कुणी नाही त्यांच्यासाठी आधी हे 'इंटिग्रेटेड' प्रकरण सांगतो. पोराचा प्रवेश कागदावर एका ज्युनिअर कॉलेजात होतो. ते कॉलेज कधी कर्जतला असतं, कधी बोरिवलीत, कुठंही असू शकतं, कारण तिथं जायचंच नसतं. पोरगं सकाळी आठ ते दुपारी तीन क्लासमध्ये बसतं. हजेरी कॉलेजच्या कॅटलॉगवर लागते. प्रॅक्टिकलसाठी जानेवारीत चार-पाच दिवस बोलावतात, जर्नल एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलेलं असतं, आणि तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस मार्क सगळ्यांना. क्लास खूश, कॉलेज खूश, पालकही खूश. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

आता जी मुलं असं करत नाहीत त्यांचं बघा. आमच्या सेक्टरमधली एक मुलगी आहे. वडील बेस्टमध्ये, आई घरीच शिवणकाम करते. दहावीला मराठी माध्यमातून चौऱ्याण्णव टक्के. इंटिग्रेटेडची दोन वर्षांची फी ऐकून वडिलांनी फॉर्म तिथंच टेबलावर ठेवला आणि घरी आले. ती साध्या अनुदानित कॉलेजात जायची. सकाळी सातचं लेक्चर, आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिकल, दुपारी दीडला घरी. चारला पुन्हा बाहेर, कारण परवडणारा क्लास पूर्वेला, ठाकूर व्हिलेजमध्ये. (मेट्रो आली म्हणून आपण पेढे वाटले, पण एक लाईन लिंक रोडवरून जाते, दुसरी हायवेवरून. चारकोपातून पूर्वेला जायचं तर रिक्षा, स्टेशनचा पूल, परत रिक्षा नाहीतर बस. आकुर्ली रोडला संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघा एकदा.) रात्री नऊला घरी. जेवून अभ्यासाला बसायचं, आणि समोर काय? जर्नल. आकृत्या. उद्याचं सबमिशन. नीटचे एमसीक्यू सुरू व्हायचे अकरा वाजता.

तिला सगळे काय सांगत होते? "बॅलन्स कर बाळा. टाइम मॅनेजमेंट शिक." मला या 'बॅलन्स' शब्दाची आता चीड येते. दिवसाचे तास चोवीसच. दोन पूर्ण वेळच्या शाळा आपण एका सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगावर टाकल्या आणि वर तिलाच शिस्तीचे धडे देतोय.

दोन शाळा म्हणतो ते उगाच नाही. २०२५ चं वेळापत्रक काढून बघा. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा २४ जानेवारी ते १० फेब्रुवारी. दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला लेखी सुरू, ती १८ मार्चपर्यंत. ९ ते १७ एप्रिल पीसीबीची एमएचटी-सीईटी, कारण डॉक्टरकी नाही मिळाली तर फार्मसी, शेतकी यांचा रस्ता उघडा ठेवावा लागतो. आणि ४ मे रोजी नीट. ५ मे रोजी, म्हणजे नीटचा पेपर देऊन घरी आल्यावर एक रात्र झोपतात न झोपतात तोवर बारावीचा निकाल. साडेतीन महिन्यांत तीन मोठ्या परीक्षा आणि तिघींची चाल वेगळी.

चाल वेगळी म्हणजे कशी ते बायोलॉजीवरून सांगतो. बोर्डाचा पेपर ७० मार्कांचा. त्यात एमसीक्यू फक्त १० मार्कांचे. बाकी लिहायचं, व्याख्या, फरक, नामनिर्देशित आकृत्या, चार-चार मार्कांची मोठी उत्तरं. तीन तास हात चालला पाहिजे. नीटमध्ये एकूण १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. त्यातले निम्मे, म्हणजे ९० प्रश्न आणि ३६० मार्क, एकट्या बायोलॉजीचे. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. तिकडं सीईटीत मात्र चुकल्याचं काही कापत नाहीत, म्हणजे तिथं एकही गोल रिकामा सोडायचा नाही आणि नीटला खात्री नसेल तर हात आखडायचा. तीन आठवड्यांत हाताला दोन उलट सवयी लावायच्या. शिवाय बोर्डाला बालभारतीचं पुस्तक, नीटला एनसीईआरटी. विषय बऱ्याच अंशी तोच, पण धड्यांचा क्रम वेगळा, उदाहरणं वेगळी. नीटला एनसीईआरटीतल्या एखाद्या ओळीवरच प्रश्न येतो. मग पोरं बालभारती बाजूला ठेवतात, आणि मी वर्गात बालभारती शिकवत असताना बाकाखाली एनसीईआरटी उघडलेलं असतं. मला दिसतं. मी काही बोलत नाही.

आणि अकरावी! तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावी दोन्हींचा आहे, सीईटीतही अकरावीचं वजन २० टक्के आहे. पण अकरावीची परीक्षा कॉलेज घरच्या घरी घेतं, म्हणून ते वर्ष हवेत जातं. २०२५ मध्ये तर प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन केले. मे महिन्यात वेबसाइट पहिल्याच दिवशी बसली. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला होता आणि पहिली यादी यायला जूनची अखेर झाली. त्यानंतरही फेऱ्या बाकी होत्या. क्लासवाले थांबले का? ते एप्रिलपासून शिकवतायत. माझ्यासमोर जेव्हा अकरावीचा वर्ग पूर्ण भरेल तेव्हा क्लासच्या पोरांची तीन-चार चॅप्टर होऊन गेलेली असतील. मग तीच पोरं म्हणणार, "सर, हे झालंय आमचं." आणि मागच्या बाकावरची मराठी माध्यमातून आलेली मुलगी, जिला अजून 'पेशी'चा 'सेल' करायला दोन सेकंद लागतात, ती गप्प बसणार.

आमच्या वेळी काय होतं, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून सांगून टाकतो. मी १९९३ साली बारावी झालो. तेव्हा राज्यात मेडिकलचा प्रवेश बारावीच्या पीसीबीच्या मार्कांवर व्हायचा. कॉलेजचा अभ्यास हाच मेडिकलचा अभ्यास. पुढे राज्याची सीईटी आली, २०१३ मध्ये नीट आली, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, आणि २०१६ मध्ये परत आणली, तीही २८ एप्रिलला निकाल आणि १ मेला पहिला टप्पा अशी. महाराष्ट्रातली पोरं तेव्हा ५ मेच्या सीईटीची तयारी करत होती. शेवटी अध्यादेश काढून त्या वर्षापुरती राज्याच्या जागांना सूट दिली. त्या बॅचचे चेहरे मी विसरलेलो नाही.

मग परत बारावीचे मार्क धरा, असं काही जण म्हणतील. तमिळनाडूनं तोच आग्रह धरलाय, विधेयकसुद्धा केलं. मला ते पटत नाही. बोर्डाच्या परीक्षेत काही केंद्रांवर काय चालतं हे मी सुपरव्हायझर म्हणून आणि पेपर तपासताना पाहिलंय, कॉपीमुक्त अभियान उगाच राबवावं लागत नाही. नीटही काही गंगाजल नाही. २०२४ मध्ये ६७ जणांना ७२० पैकी ७२०, १५६३ जणांना ग्रेस मार्क, मग ते परत काढले, पेपरफुटीची सीबीआय चौकशी, सगळं आपण पाहिलं. पण देशभर एकच परीक्षा असावी याला माझा विरोध नाही. माझा विरोध त्या परीक्षेच्या नावाखाली ज्युनिअर कॉलेज नावाची गोष्ट गुपचूप बंद पाडायला आहे.

बंदच पडलीय ती. जून २०१८ मध्ये शालेय शिक्षण विभागानं आदेश काढला होता, मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद आणि नागपूर विभागांतल्या विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी लावा म्हणून. कारण काय दिलं होतं? हेच, क्लासशी साटंलोटं. वर्षं लोटली. त्या आदेशाचं काय झालं हे कुठल्याही टायअप कॉलेजच्या रिकाम्या वर्गात डोकावलं की कळतं. क्लासेससाठी कायदा करायचा मसुदा पण तेव्हाच तयार झाला, कायदा काही झाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्वच्छ लिहिलंय की शाळा-कॉलेजच्या वेळेत त्या विद्यार्थ्यांचे क्लास घ्यायचे नाहीत, दिवसाला पाच तासांच्या वर घ्यायचे नाहीत, आठवड्याची सुट्टी द्यायची. महावीर नगरमध्ये उभे राहा सकाळी अकराला, क्लासच्या टीशर्टातली किती पोरं वडापाव खाताना दिसतात मोजा. सीबीएसईनं मार्च २०२५ मध्ये डमी शाळांतल्या मुलांना बारावीला बसू देणार नाही असा इशारा दिला. आपल्या राज्य मंडळाकडून तेवढं तरी ऐकायला मिळालं पाहिजे.

कुणी म्हणेल, सर, तुमची नोकरी धोक्यात आली म्हणून ओरडताय. बरोबर आहे, माझ्या पोटाचा प्रश्न आहेच. विद्यार्थी कमी झाले की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. पण क्षणभर माझं सोडा. डॉक्टर होणाऱ्या पोरानं दोन वर्षांत मायक्रोस्कोपला हात लावलेला नसतो, हे तुम्हाला चालतं? मला एका इंटिग्रेटेडच्या विद्यार्थ्यानं बोर्डाच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड बनवायला सांगितल्यावर विचारलं होतं, "सर, मुळाचं टोक म्हणजे कुठली बाजू?" मायटोसिसवरचे एमसीक्यू विचारले असते तर पोरानं दणादण सोडवले असते. हुशार होता. त्याचा काय दोष? त्याला कुणी कांदा हातात दिलाच नव्हता.

आणि उरलेल्यांचं काय होतं ते आकड्यांत बघा. २०२५ मध्ये साधारण २२ लाख ९ हजार मुलांनी नीट दिली. १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. खुल्या गटात पात्रता १४४ मार्कांवर आली. ७२० पैकी १४४! पेढे वाटले लोकांनी. पण देशात एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि आपल्या पश्चिम उपनगराला जवळचं कूपर, ते तर २०१५ साली सुरू झालं, या सगळ्या मिळून हजारेक जागा. 'पात्र' आणि 'प्रवेश' यांत किती मोठा खड्डा आहे हे क्लासच्या बॅनरवर लिहीत नाहीत. त्यावर फक्त फोटो असतात. खड्ड्यात पडलेल्यांचे फोटो कुणी छापत नाही.

जी पडतात त्यांतली बरीच पुन्हा उठून परीक्षेला बसतात. वयाची वरची मर्यादा २०२२ पासून नाही, किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही. मग घरात चर्चा, ड्रॉप घ्यायचा की एफवाय बीएस्सीला नाव घालून तयारी करायची. नाव घालणारे बरेच असतात, कारण 'वर्ष वाया नको' आणि कॉलेजचं ओळखपत्र, रेल्वेचा पास, नातेवाइकांना सांगायला काहीतरी. पण आता एफवायला क्रेडिट आहेत, अंतर्गत मूल्यमापन आहे, प्रोजेक्ट आहे, ७५ टक्के हजेरी आहे, आणि दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा ऐन नीटच्या तोंडावर येते. मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना एकच सांगतो. पहिल्या खेपेला मार्क किती होते ते कागदावर लिहा आणि कुठल्या विषयात गेले ते लिहा. २०२५ सारखा फिजिक्सचा पेपर अवघड होता आणि तिथंच घसरलात, बायोलॉजी पक्की आहे, तर एक वर्ष पूर्ण द्या, घरच्यांशी भांडून द्या. पण तिन्ही विषयांत निम्म्याच्या खाली असाल आणि तरी कुणी 'रिपीटर बॅच'ची पावती फाडायला सांगत असेल, तर त्या माणसाला नमस्कार करा आणि बीएस्सी मन लावून करा. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, नर्सिंग, फिजिओथेरपी, पॅथॉलॉजी लॅब, दवाखाना काय एकट्या एमबीबीएसवर चालतो?

लातूरचं उदाहरण लोक देतात. लातूर पॅटर्न मुळात क्लासचा पॅटर्न नव्हता हे विसरलं जातं. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या कॉलेजांतल्या शिक्षकांनी तो उभा केला, पोर्शन लवकर संपवायचा, मग जादा तास, मग टेस्टवर टेस्ट, शंका विचारायला शिक्षक कॉलेजातच हजर. आता तिथंही क्लासची बाजारपेठ झालीय हे खरं. पण मूळ कल्पना काय होती? जे पोरं बाहेर पैसे मोजून घेतात ते कॉलेजनं स्वतः द्यावं. हे कांदिवलीत का होऊ शकत नाही? दिवाळीपर्यंत बारावीचा पोर्शन संपवता येतो, मी संपवलाय. डिसेंबरपासून दर शनिवारी १८० प्रश्नांची ओएमआरवर टेस्ट घ्यायला एक झेरॉक्स मशीन, चार शिक्षक आणि शनिवारी कुलूप उघडणारा शिपाई लागतो. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून सहा टेस्ट घेतल्या. सातवीला वर्ग मिळाला नाही, कुठलंसं फंक्शन होतं.

बोर्डानं करायची दोन कामं आहेत. बालभारतीचा कुठला धडा एनसीईआरटीच्या कुठल्या धड्याशी जुळतो आणि काय उरतं, याचा अधिकृत तक्ता दरवर्षी जूनमध्ये प्रसिद्ध करावा. आज प्रत्येक शिक्षक आपापला बनवतो. दुसरं, अकरावीचा शेवटचा पेपर तरी राज्यानं काढावा, म्हणजे ते वर्ष कुणीतरी शिकवेल.

महापालिकेकडे मागणं एवढंच, आपल्या भागातल्या अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघड्या ठेवा, परीक्षेच्या चार महिन्यांत तरी. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, शिवणयंत्र आणि आजोबांचा खोकला यांच्यामध्ये बसून ऑरगॅनिक केमिस्ट्री होत नाही.

आणि ज्यांची फीमुळे अडचण आहे त्यांनी हे लिहून घ्या. ओबीसी, भटके विमुक्त, विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती नीट-जेईई-सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देतं, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटा. अर्ज महाज्योतीच्या वेबसाइटवर असतो, नॉन क्रिमीलेअर, जातीचा दाखला आणि अकरावी सायन्सच्या प्रवेशाचा पुरावा लागतो. कागदपत्रं आत्तापासून जमवा, दाखल्यासाठी सेतूत फेऱ्या मारण्यात महिना जातो. माझ्या वर्गात पात्र असलेल्या निम्म्या मुलांना ही योजना माहीतच नसते.

ती बेस्टवाल्यांची मुलगी कुठवर पोचली, हे विचाराल. यंदा तिची नीट झाली. पात्र आहे, एमबीबीएसला मार्क पुरणार नाहीत असं दिसतंय, राज्याची फेरी लागेपर्यंत सांगता येत नाही. बीएएमएसचाही फॉर्म भरायचं घरात चाललंय. वडिलांनी मला विचारलं, "सर, त्या वेळी कर्ज काढून इंटिग्रेटेड घेतलं असतं तर?" मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही तुमच्या पोरीला रोज कॉलेजात पाठवलंत, त्याची शिक्षा तिला व्हायला नको होती.

तर पालकहो, येत्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या कॉलेजात फी भरायला जाल. काउंटरवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा. आठवड्याला प्रत्येक विषयाची किती प्रॅक्टिकल होतात? गेल्या वर्षी अकरावीची प्रत्यक्ष हजेरी किती होती? लॅबमध्ये मायक्रोस्कोप किती आहेत आणि चालू किती? जिथं "ते सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त टेन्शन घेऊ नका" असं उत्तर मिळेल, त्या कॉलेजचं नाव मला मेसेजमध्ये कळवा. पश्चिम विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे पत्र घेऊन जायचंय, सोबत यायला दहा-बारा पालक हवेत. शनिवारी दुपारी मला वेळ असतो.